सिम्लेची आमा

पायथ्याच्या चहाच्या टपरीवर जीपवाल्यानं बातमी सांगितली, तेव्हा इंद्रकलीच्या हातातला पेला हातातच राहिला.

"वरची वाट बंद आहे, दिदी. रस्ता रुंद करायला काल डोझर चालवला, तर अर्धा कडा खाली आला. महिनाभर तरी तिथून कोणी जात नाही."

"मग पाहुण्यांना कुठून नेतायत?"

"कुठून म्हणजे? सिम्लेतून. जुन्या पायऱ्यांनी. तुझंच गाव ते, तुला मी काय वाट सांगू?"

जीपवाला हसला आणि टायरवर लाथ मारून बघू लागला. इंद्रकलीनं उरलेला चहा ओतून दिला. तिच्या पाठीमागे बाकावर तिघी पाहुण्या बुटांच्या नाड्या आवळत बसल्या होत्या. तिघीही भरतपूरच्या एका इस्पितळातल्या परिचारिका. दोन दिवसांची रजा काढून आयुष्यात पहिल्यांदा डोंगर चढायला आलेल्या. पवित्रा आणि निरुता पंचविशीच्या, सारख्या एकमेकींचे फोटो काढणाऱ्या. तिसरी बिंदू चौधरी. पन्नाशीला टेकलेली, वॉर्डाची मुख्य, अंगानं जड आणि बोलायला मोजकी. तिनं सकाळपासून दोनच प्रश्न विचारले होते. पायऱ्या किती, आणि वर औषधाचं दुकान आहे का.

इंद्रकली गुरुंग बारा वर्षं गाइडचं काम करत होती. सुरुवातीची नऊ वर्षं तिनं मोठ्या वाटा केल्या, दहा-दहा दिवसांच्या, बर्फातल्या खिंडींच्या. गेली तीन वर्षं मात्र ती फक्त नवख्यांना न्यायची. एक दुपार चढ, एक रात्र ठुलोडांड्यावर मुक्काम, पहाटे हिमशिखरं बघायची आणि जेवणाच्या वेळेला खाली. कंपनीतले लोक विचारायचे, मोठी वाट का घेत नाहीस? ती म्हणायची, एका रात्रीपेक्षा जास्त मला बाहेर राहवत नाही. घरी तिची वाट बघणारं कोणीच नव्हतं. मग परतायची घाई कोणासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं.

आणि या तीन वर्षांत ती सिम्लेतून एकदाही गेली नव्हती.

ट्रिप रद्द करावी, असं तिच्या मनात येऊन गेलं. तेवढ्यात निरुता ओरडली, "दिदी, चला की! हिमाल पळून जाईल!"

"कुठं जातोय तो? तुम्ही पळून जाऊ नका म्हणजे झालं," इंद्रकली म्हणाली आणि पिशवी पाठीवर घेतली.

मंसिर, म्हणजे मार्गशीर्ष महिना होता. भातं कापून झाली होती, खाचरांत नुसते खुंट उरले होते. ऊन चांगलं होतं. पायऱ्या मात्र मरणाच्या उभ्या. अर्ध्या तासातच पवित्राला धाप लागली.

"दिदी, अजून किती?"

"एक तास."

"मघाशीही एकच तास होता!"

"तुमच्या भरतपूरचा तास सपाट असतो बहिनी. आमचा उभा असतो."

दोघी खिदळल्या. बिंदू हसली नाही. एक हात गुडघ्यावर टेकवत, एकेक पायरी मोजून ती येत होती. इंद्रकली तिच्यासाठी दोनदा थांबली. तिसऱ्यांदा बिंदूच म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं. वाट एकच आहे ना? मग मी कुठं चुकणार? कोणी माझ्यासाठी थांबलं की मला जास्तच दम लागतो."

दुपारी अडीचच्या सुमाराला सिम्ले लागलं. इंद्रकलीच्या लहानपणी इथं बत्तीस उंबरे होते. पोरं शाळेला निघाली की पायऱ्यांवर चालायला जागा नसायची. आता तीन घरांतून धूर निघत होता. बाकीच्या घरांना कुलपं, अंगणात कमरेएवढं गवत. कोणी पोखऱ्यात, कोणी कतारला, कोणी कोरियात.

तिचं घर गावाच्या वरच्या टोकाला, वाटेला लागूनच होतं. पाटीच्या दगडाचं छप्पर, निळी खिडकी, पुढं मातीची ओसरी. इंद्रकलीनं मान खाली घातली आणि पायऱ्यांवर नजर ठेवून सरळ पुढं निघाली. तिच्या पायांना इतकी गती आली की दोघी पोरी मागून ओरडल्या, "अगं दिदी, शर्यत आहे का?" घर मागं पडलं तेव्हा आपण श्वास रोखून धरला होता, हे तिला कळलं.

वर पिंपळाचा पार होता. तिथं ती थांबली. दरीतून धुकं वर चढायला लागलं होतं. दुपारी ते येतंच. आधी खाचरं गेली, मग गाव गेलं, मग पाराच्या खालच्या चार पायऱ्या तेवढ्या उरल्या. बिंदूचा पत्ता नव्हता. दहा मिनिटं झाली, वीस झाली.

"इथून हलायचं नाही," पोरींना बजावून इंद्रकली खाली उतरली.

शंभरेक पायऱ्या उतरली असेल, तोच बिंदू धुक्यातून वर येताना दिसली. दमलेली नव्हती. उलट तोंडावर तरतरी होती आणि कपाळाला आठी.

"दिदी, बरं झालं भेटलात. मला मघापासून कोणाशी तरी बोलायचंय. हे काय गाव आहे की काय आहे? एवढ्या म्हाताऱ्या बाईला असं टाकून जातात?"

"कोणाला?"

"ते वरच्या टोकाचं घर नाही का? निळी खिडकी आहे. ओसरीत मका टांगलाय. तिथं एक आमा बसली होती. मला म्हणाली, ये, बैस, धापा टाकतेस. मी बसले. बघते तर डावं मनगट मोडलेलं. हे एवढं सुजलेलं, हात तिरका झालेला. विचारलं, कधी पडलात? तर म्हणाली, परवा. परवा! आणि नुसतं फडकं गुंडाळून बसली होती. माझ्याजवळ क्रेप बँडेज होतं, ते बांधून आले. पण त्यानं काय होतंय? प्लास्टर लागेल. मी म्हटलं, आमा, आजच्या आज खाली जायला हवं. तर म्हणते, मुलगी येणारे, ती नेईल."

इंद्रकलीचा हात आपोआप पायरीच्या बाजूच्या दगडावर गेला.

"काय म्हणाली?"

"मुलगी येणारे म्हणाली. मुलगी पाहुणे घेऊन पुढं गेली, कुठल्या वाटेनं गेली ते दिसलं का, असं मलाच विचारत होती. मी म्हटलं, मला नाही माहीत." बिंदूचा आवाज चढला. "कसली मुलगी ही? आईचा हात मोडलाय आणि ही पाहुणे फिरवतेय! आमच्या वॉर्डात रोज बघते मी असले लोक. शेवटच्या दिवशी येतात आणि मग आमच्यावरच डाफरतात."

इंद्रकली वळली. खाली पाहिलं तर धुक्याशिवाय काही दिसत नव्हतं. तिला वाटलं, आत्ता धावत जावं. पावलं उचललीही असती. पण वर पारावर दोन नवख्या पोरी बसल्या होत्या आणि अंधार पडायला दोनच तास उरले होते.

"चला बहिनी," ती म्हणाली. "वर पोचू या आधी."

"आणि त्या आमाचं काय?"

"वर माझी बहीण आहे. तिच्याशी बोलू."

ठुलोडांड्यावरचं खाणावळीवजा घर रेवतकली चालवायची. इंद्रकलीची ती चुलत बहीण, सिम्लेचीच. मोठ्या आवाजाची, मनात काही न ठेवणारी. चुलीवर नाचणीचा ढिंडो रटरटत होता, बाजूला गुंद्रुकची, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पाल्याची आमटी. पवित्रा आणि निरुता चुलीजवळ मोजे वाळवत बसल्या होत्या. बिंदूनं हात धुतले आणि बसायच्या आधीच विषय काढला.

"दिदी, उद्या सकाळी पाठीवरच्या डोकोत बसवून एका म्हाताऱ्या आमाला खाली न्यायला कोणी मिळेल का? सिम्लेत आहे. शेवटचं घर, निळ्या खिडकीचं. हात मोडलाय तिचा."

रेवतकलीचा ढवळणारा हात थांबला. तिनं बिंदूकडं पाहिलंच नाही. ती इंद्रकलीकडं बघत होती.

"तू सिम्लेतून आलीस?"

"वरची वाट बंद आहे."

"मग सांग ना तिला. तुझी पाहुणी आहे ती. मी कशाला सांगू?"

चुलीतलं लाकूड फुटलं. इंद्रकली म्हणाली, "ते घर माझं आहे, बहिनी. ती मुलगी मीच. माझ्या आमाला जाऊन तीन वर्षं झाली."

निरुता हसली. मग कोणीच हसत नाही असं पाहून गप्प झाली आणि तिनं पाय वर बाकावर ओढून घेतले. पवित्रानं तिचा दंड धरला.

बिंदू उभीच होती. मग हळूच बाकावर बसली आणि आपल्या उजव्या हाताच्या बोटांकडं बघू लागली.

"मी नाडी बघितली होती तिची," ती म्हणाली. "आमची सवयच असते. मनगट बांधलं की दुसऱ्या हाताची नाडी बघायची. लागली नाही. मला वाटलं, थंडीनं माझीच बोटं बधिर झालीत."

ढिंडो तळाला लागल्याचा वास आला, तेव्हा रेवतकलीनं भांडं उतरवलं.

"ही पहिली नाही," ती ताटं मांडत म्हणाली. "गेल्या वर्षी एक मास्तर सांगत होते. त्याआधी एक कोरियन बाई, तिला तर भाषाही येत नव्हती, तिनं हातवारे करून सांगितलं. आमा बसलीय, हात दुखतोय. जे मागं राहतात, त्यांनाच ती हाक मारते. भराभर चालणाऱ्याला नाही मारत."

"आणि मला का नाही सांगितलंस?" इंद्रकलीचा आवाज फाटला.

"तू त्या वाटेनं येणंच सोडलंस. तुला काय सांगणार होते मी? की तू टाळतेस त्या घरात तुझी आमा बसून आहे?"

इंद्रकलीनं ताट पुढं ओढलं आणि तसंच ठेवून दिलं. मग तिघींना तिनं सगळं सांगितलं. आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं.

त्या वर्षी दसैं, म्हणजे दसरा झाल्यावर मोठी वाट मिळाली होती, नऊ दिवसांची. निघायच्या आदल्या दिवशी आमाचा फोन आला. नळावर पाय घसरलाय ग, मनगट ठणकतंय, येऊन जा जरा. इंद्रकली म्हणाली, आमा, पाहुणे आलेत, नऊ दिवसांनी येते. तोवर हळद लाव. आमा म्हणाली, बरं. एवढंच. नाराज झाल्यासारखंही बोलली नाही. पुढं डोंगरात फोन लागत नव्हता. दहाव्या दिवशी लागला, तेव्हा पलीकडून शेजारचे म्हातारे हर्के बाजे बोलले. आमा ओसरीत सापडली होती. पहाटेचं दव तिच्या कमरेच्या पटुक्यावर गोठलेलं. दोन दिवस तरी तशीच असावी. बाजेंचे पाय चालत नव्हते, ते रोज जाऊ शकत नव्हते. मागं घराचं दार सताड उघडं होतं.

"जाळलं आम्ही तिला. माझा भाऊ हेमजंग कोरियात कारखान्यात आहे, तो पोचला नाही. अर्घौं राहिलंय तेव्हापासून. तो येईल तेव्हा करू, येईल तेव्हा करू, असं म्हणत तीन दसैं गेले."

गुरुंगांत माणूस जाळला म्हणजे गेला, असं होत नाही. अर्घौंच्या तीन दिवसांत पच्यू, म्हणजे त्यांचा पुरोहित, मेलेल्याला हाताला धरल्यासारखा एकेक मुक्काम सांगत डोंगरावरून पितरांच्या गावी नेऊन पोचवतो. तोवर जीव उंबऱ्याशीच घुटमळत राहतो. वाट ठाऊक नसते त्याला.

बिंदूनं आपलं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "मी मघाशी वाटेत जे बोलले..."

"खरंच बोललात."

"नाही. ऐका. ती रागावलेली नव्हती. मी निघताना तिनं एक सांगितलं होतं, मी विसरले तुम्हाला सांगायला. म्हणाली, मुलगी भेटली तर सांग, दार लावलेलं नाही मी."

इंद्रकली उठून बाहेर गेली. धुकं इतकं दाट होतं की ओट्याच्या कडेला तिला आपलेच पाय दिसत नव्हते.

पहाटे आभाळ धुऊन काढल्यासारखं निघालं. माछापुच्छ्रेच्या टोकाला आधी राखाडी, मग गुलाबी, मग पिवळा रंग चढला. अन्नपूर्णा दक्षिण, हिउंचुली सगळी शिखरं एकेक करून उजळली. पवित्रा आणि निरुता रात्रभर एकाच पांघरुणात चिकटून झोपल्या होत्या, पण आता सगळं विसरून उड्या मारत होत्या. "दिदी, आमचा एक फोटो! दिदी, हे कुठलं? आणि ते?" इंद्रकलीनं नावं सांगितली, फोटो काढले. मग त्यांची पाठ वळल्यावर ती शिखरांकडं पाठ करून दरीकडं बघू लागली.

खाली सिम्ले सावलीत होतं. तीन छपरांतून धूर निघत होता, ओळखीचा. एक हर्के बाजेंचं, एक सार्कींचं, एक वाटेवरच्या म्हाताऱ्या जोडप्याचं. आणि वरच्या टोकाच्या छपरातूनही, पाटीच्या दगडांच्या फटींतून, निळसर धुराची एक बारीक रेघ सरळ वर चढत होती. इंद्रकलीनं डोळे मिटून उघडले. रेघ होती. बिंदू तिच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"तुम्हाला दिसतोय?" इंद्रकलीनं विचारलं.

"चार घरांचा. हो."

त्या दोघी तिथं उभ्या होत्या तोवर ऊन गावापर्यंत उतरलं आणि चौथा धूर उन्हात विरून गेला.

उतरताना सिम्लेच्या वरच्या पारावर इंद्रकली थांबली. बिंदूला म्हणाली, "बहिनी, या दोघींना घेऊन तुम्ही पुढं व्हा. गाव ओलांडलं की नळ आहे, तिथं थांबा. मी मागून येते."

"मी राहू सोबत?"

"नको. मागं एकटीनंच राहायला हवं."

त्यांचे आवाज पायऱ्यांच्या वळणामागं गेले, तशी ती निघाली. सावकाश. एकेक पायरी. गुडघ्यावर हात टेकत, बिंदू चालायची तशी. घर आलं. ओसरीत मका नव्हता. गवत दारापर्यंत आलं होतं, कुठंही वाकलेलं नव्हतं. दाराला तिनंच लावलेलं कुलूप होतं, गंजून लाल झालेलं. ती ओसरीच्या कडेला बसली.

"आमा," ती म्हणाली. "मी आले."

वाऱ्यानं गवत हललं. हर्के बाजेंचा कोंबडा आरवला. ती बसून राहिली. तिला कोणी हाक मारली नाही, ये म्हणालं नाही. ऊन तिच्या गुडघ्यांवर आलं, मग मांडीवर. उठावं म्हणून तिनं हात टेकला, तर हाताला काहीतरी मऊ लागलं.

क्रेप बँडेज होतं. उकलून, ओढून सपाट करून, घट्ट गुंडाळी केलेलं. टोक आत खोचलेलं. आमा चिंधी असो की सुतळी असो, अशीच गुंडाळून ठेवायची. परत द्यायचं असेल तर जास्तच नीट.

इंद्रकलीनं ते छातीशी धरलं आणि मग तिला रडू आवरेना. तीन वर्षांचं साचलेलं सगळं बाहेर पडलं. ती ओसरीच्या मातीवर कपाळ टेकून मोठमोठ्यानं रडली, आणि ऐकायला कोणी नव्हतं. निदान दिसत तरी नव्हतं कोणी.

मग तिनं तिथूनच कोरियाला फोन लावला.

"दिदी? या वेळी? माझी पाळी सुरू होतेय," हेमजंग म्हणाला.

"घरी बसलेय मी. सिम्लेत."

पलीकडं यंत्रांची घरघर तेवढी ऐकू आली.

"आमा इथं आहे, भाइ. लोकांना दिसते. हात मोडका घेऊन बसलीय अजून."

"ठाऊक आहे," तो हळूच म्हणाला.

"काय ठाऊक आहे?"

"रेवत दिदीनं सांगितलं होतं. गेल्या वर्षीच."

"आणि तू गप्प बसलास? रजा मिळत नाही, रजा मिळत नाही, म्हणत राहिलास?"

"रजा मिळत होती, दिदी." त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला. "मी मागितलीच नाही. तू तिचं तोंड तरी पाहिलंस, चिता तरी पाहिलीस. मी काहीच नाही बघितलं. इथं खोलीत पडून असलो की वाटायचं, आमा आहे तिकडं. ओसरीत बसलीय, येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी देतेय. अर्घौं केलं की ती जाणार. मग सिम्लेत माझं कोण? मग मी परत कुठं यायचं?"

"ती मजेत बसलेली नाही रे!" इंद्रकली ओरडली. "ती अडकलीय! हात ठणकतोय तिचा, वाट सापडत नाही, मी कुठल्या वाटेनं गेले ते अनोळखी माणसांना विचारतेय ती! तुझ्या खोलीत तुला बरं वाटावं म्हणून तिनं किती वर्षं हात धरून बसायचं?"

तो रडत होता. तीही रडत होती.

"फागुनमध्ये ये," शेवटी ती म्हणाली. "नाही आलास तरी मी करणार."

तो आला. नऊ दिवसांची रजा घेऊन, अंगावर जाड जाकीट, केस पांढरे व्हायला लागलेले. दोघांनी मिळून ओसरीतलं गवत उपटलं आणि दगडानं ठोकून कुलूप तोडलं. आत चूल होती. चुलीत राख होती. हेमजंगनं राखेत बोट घातलं आणि झटकन मागं घेतलं, पण कोमट होती की गार, ते त्यानं सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही.

अर्घौंला सिम्लेत शंभरावर माणसं जमली. कित्येकांनी दहा वर्षांनी गावाचं तोंड पाहिलं होतं. मामाकडून पांढरं कापड आलं. आमाच्या जागी उभारलेल्या बांबूच्या सांगाड्याला तिचा मखमली चोळा आणि पटुका नेसवला. बिंदूही आली होती, भरतपूरहून रात्रीची बस धरून, गुडघ्याला पट्टा बांधून. कोणी विचारलं, ही कोण, तर रेवतकली म्हणाली, "आमाची शेवटची पाहुणी."

तिसऱ्या दिवशी अंगणात मेंढा आणला. आमाचा जीव त्याच्यात उतरला आहे असं मानून सगळे त्याच्यापुढं घास ठेवतात, निरोप घेतात. आणि मेंढ्यानं अंग झाडलं की समजायचं, ती निघायला राजी झाली. पच्यूनं ढोल वाजवत विचारलं. मेंढा उभाच. हेमजंगनं घास ठेवला, पाया पडला. मेंढा उभाच. इंद्रकलीनं हुंदके देत माफी मागितली. मेंढा तिच्याकडं न बघता पायऱ्यांच्या दिशेला मान करून उभा राहिला. तासभर गेला. माणसं कंटाळली, कोणी विडी पेटवली, पोरं पांगली, बिंदू खाली वाकून आपल्या बुटाची नाडी बांधू लागली. आणि कोणाचंच लक्ष नसताना मेंढ्यानं डोक्यापासून शेपटीपर्यंत सगळं अंग झाडलं.

मग पच्यू वाट सांगू लागला. जुन्या भाषेत, एका सुरात, मुक्कामामागून मुक्काम. हा उंबरा ओलांड. हा पार, इथं बैस. हा ठुलोडांडा, इथून मागं बघू नकोस. इंद्रकलीला पहिली तीन-चार नावं कळली, ती तिच्या रोजच्या वाटेवरची होती. पुढची नावं तिनं कधी ऐकली नव्हती. ती बर्फाच्या पलीकडं जात होती. ढोलाचा आवाज बारीक होत गेला आणि संध्याकाळी थांबला. त्या रात्री इंद्रकली त्याच घरात निजली आणि तिला गाढ झोप लागली.

हेमजंग परत गेला. जाताना म्हणाला, घर पाडायचं नाही. ती म्हणाली, कोण पाडतंय?

वरची वाट वैशाखात सुरू झाली. नवा रस्ता, रुंद, जीप जाईल असा. बाकीचे गाइड पाहुण्यांना तिथूनच नेऊ लागले. इंद्रकली मात्र सिम्लेतूनच जाते. गट कितीही असो, गावाजवळ आला की ती सगळ्यांत मागच्या माणसाला त्याच्या चालीनं येऊ देते आणि पारावर त्याची वाट बघते.

परवा चितवनच्या शिक्षकांचा गट होता. त्यातले एक जाडसर सर पाऊण तास मागं राहिले. पारावर पोचले तेव्हा घामानं निथळत होते. इंद्रकलीनं त्यांना पाणी दिलं, दम खाऊ दिला. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "सर, खाली कोणी भेटलं का?"

"कोण भेटणार? बहुतेक घरं बंद आहेत की. एक कुत्रं होतं तेवढं. का हो?"

"नाही, सहज."

दर वेळी हेच उत्तर येतं. आणि दर वेळी ती खालच्या पायऱ्यांकडं एकदा वळून बघते. तेच व्हावं म्हणून तिनं एवढं सगळं केलं होतं, हे ठाऊक असूनही. सर तोंड पुसत उठले. तिनं त्यांची पिशवी आपल्या पाठीवर घेतली, त्यांना पुढं घातलं आणि धुकं यायच्या आत वर पोचावं म्हणून चालायला लागली.